फंक्शन ओळखायचं तर आधी सूत्र बाजूला ठेवा

अकरावीच्या मुलांना गणित शिकवताना दरवर्षी तेच दिसतं: वहीत सूत्र असलं की ते फंक्शन, नुसत्या जोड्या असल्या की नाही. समज जुना आहे म्हणा. खुद्द ऑयलर या गणितज्ञाने १७४८ च्या ग्रंथात फंक्शनची व्याख्या सूत्राच्याच भाषेत केली होती. १८३७ मध्ये डिरिक्ले या गणितज्ञाने सांगितलं, प्रत्येक x ला एक ठरलेला y मिळाला की पुरे. सगळीकडे एकच नियम लागू पडायला हवा असं काही नाही.

म्हणून विचारायचं एवढंच: पहिल्या संचातल्या, म्हणजे x जिथून घेतो त्या संचातल्या, प्रत्येकाला उत्तर मिळतंय का? आणि कुणाला दोन तर मिळत नाहीत ना?

पोस्ट ऑफिस आणि त्याचा पिन कोड घ्या. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांची, आणि ते संस्कृत कवीही होते!) प्रत्येक पोस्ट ऑफिसला एकच पिन, म्हणून हे फंक्शन. खेड्यापाड्यांतल्या अनेक शाखा ऑफिसांचा पिन एकच असतो, त्याने काही बिघडत नाही. मुलं नेमकी इथेच फसतात. दोघांना एकच उत्तर चालतं, एकाला दोन चालत नाहीत. उलटं, पिनवरून पोस्ट ऑफिस शोधायला गेलात तर एका पिनसमोर चार नावं येतील. ते फंक्शन नाही.

x² + y² = 25 चंही तसंच. x = 3 घातला की y = 4 आणि y = –4 दोन्ही निघतात. आलेखावर उभी रेघ ओढली तर ती वर्तुळाला दोनदा छेदते.

पण उभ्या रेघेवर फार विसंबू नका. दोन उत्तरं ती पकडते. एखाद्याला उत्तरच नाही, हे डोमेन (म्हणजे तो पहिला संच) माहीत असल्याशिवाय तिच्यावरून कळत नाही. 1/x घ्या. डोमेन सगळ्या वास्तव संख्या म्हटलं तर शून्याला उत्तर नाही, फंक्शन बाद. शून्य वगळलं की तेच 1/x फंक्शन ठरतं. डोमेन न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांचे मार्क इथेच जातात.

सरावासाठी तीन घटकांच्या संचातून दोन घटकांच्या संचात जाणारे संबंध (म्हणजे जोड्यांचे सगळे गट, रिकामा गटही धरून) मोजा. एकूण 64 भरतात, त्यात फंक्शन फक्त 8. ती आठही हाताने लिहून काढा. त्यातली सहा ऑन्टू (दुसऱ्या संचातला प्रत्येक घटक कुणाचं तरी उत्तर असतो) निघतील, वन-वन (कुठल्याही दोघांचं उत्तर एक नसतं) एकही नाही. का, ते यादीकडे बघूनच लक्षात येईल.