इटलीत स्कीला जाताय? आधी विमा काढा

मागच्या खेपेला हॉटेलांचे फोटो बघण्यात दोन महिने घालवले आणि विमा दहा मिनिटांत उरकला. डोलोमाइट पर्वतांतल्या कोर्वारा गावी दुसऱ्याच दिवशी बायकोचा गुडघा पिरगळला. पॉलिसीच्या मागच्या पानांवरचे 'हिवाळी खेळ वगळून' हे शब्द मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचले. बिलाचा विषय आमच्या घरी अजून कोणी काढत नाही. यंदा पुन्हा निघालोय, म्हणून ही यादी.

आधी तारखा. नाताळ ते 6 जानेवारी टाळा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणारा कार्निव्हल सणाचा आठवडाही टाळा. भाव चढलेले, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टला रांगा. 6 तारखेनंतरचा जानेवारी सगळ्यात बरा. थंडी मरणाची, पण उतार मोकळे. चांगली हॉटेलं बहुधा शनिवार ते शनिवारच देतात, म्हणून हॉटेल पक्कं झाल्यावर विमान.

नावाला भुलून कोर्तिना या प्रसिद्ध स्की-गावाला धावू नका. 1956 चं हिवाळी ऑलिंपिक तिथलं, 2026 चं मिलानच्या जोडीने, त्यामुळे मिरवायला उत्तम. शिकायला आल्ता बादिया बरं, म्हणजे कोर्वारा, सान कासियानो हा पट्टा. उतार सौम्य, निळ्या वाटा भरपूर. निळी सोपी, लाल मध्यम, काळी आपली नव्हे. डोलोमिती सुपरस्की हा या सगळ्या पर्वतभागाचा लिफ्ट-पास, त्या एका पासात 1200 किलोमीटर वाटा येतात. नवशिक्याला त्या काय करायच्या? त्याला खोऱ्यापुरता पास पुरतो. ज्यांना नीट येतं त्यांनी मोठा पास घेऊन सेला रोंदा करावी: चार खिंडी ओलांडून सेला पर्वताला प्रदक्षिणा. नारिंगी पाट्या घड्याळाच्या दिशेने, हिरव्या उलट्या. दुपारी साडेतीनच्या आत शेवटची खिंड पार झाली पाहिजे. नाहीतर लिफ्ट बंद आणि परतीच्या टॅक्सीत जेवणाचे पैसे जातात.

व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. अगदी उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. त्यासाठी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आपण घसरतो ते इथेच! व्हिसाला चालला म्हणजे स्कीला चालेल असं नाही. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणेल. त्याला म्हणा, 'स्कीइंग' हा शब्द पॉलिसीत दाखव. उतारावरून खाली आणणं त्यात आहे का, तेही लेखी घ्या. लेखी!

आणि हा झाला एकच विमा, आपल्या हाडांचा. आपण ज्याला धडकू त्याच्या हाडांचा वेगळा. 2022 पासून इटलीत असा तृतीय पक्ष विमा नसेल तर उतारावर जाताच येत नाही. पकडलं तर दंड, शिवाय पास काढून घेतात. पास घेताना हा विमा खिडकीवरच मिळतो, दिवसाला थोडे युरो. तिथे 'नको' म्हणू नका. मी म्हणालो होतो.

हेल्मेट 1 नोव्हेंबर 2025 पासून सगळ्या वयांना सक्तीचं. भाड्याने मिळतं, स्की-बूटही. बूट घालून बघायला तासभर ठेवा. पायमोजा एकच, पातळ. दोन जाड घातले की पाय सुन्न पडतो. इंग्रजी बोलणारा शिक्षक आधीच ठरवा.

हॉटेल घेताना लिफ्ट दाराशी आहे ना ते बघा, आणि रात्रीचं जेवण धरून घ्या. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर सहा रात्री चीज. तिकडच्या बऱ्याच हॉटेलांत सॉनामध्ये कपडे चालत नाहीत, पोहण्याचे सुद्धा. सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हे तुम्हीच आधी सांगा.

कपड्यांत थर हवेत, सुती आत नको. हातमोजे दोन जोड. सनस्क्रीन हनुवटीखालीही, बर्फावरून ऊन खालून येतं. पास डाव्या खिशात, लिफ्टचं गेट तो तिथेच वाचतं. व्हेनिसहून गाडी आधी सांगून ठेवा. औषधं. चार्जर. आपत्कालीन नंबर 112.

पॉलिसीची छापील प्रत हातातल्या बॅगेत, फोटो फोनमध्ये, एक प्रत घरी भावाकडे. आणि पुन्हा एकदा उघडून बघा: 'स्कीइंग' लिहिलंय ना?