हुद्दा कोणाला, किताब कोणाला : ब्रिटिशकालीन मुंबई पोलिसांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

मुंबईच्या ब्रिटिशकालीन पोलिसांवर काम करायला येणारे विद्यार्थी बहुधा गाजलेल्या खटल्यांपासून सुरुवात करतात. खटले जरूर वाचावेत. पण माझा आग्रह असतो की त्याआधी दोन याद्या शेजारी शेजारी मांडाव्यात: कोणाला कोणता हुद्दा मिळाला याची एक आणि कोणाला कोणता किताब मिळाला याची दुसरी. सरकारचा कोणावर किती भरवसा होता, हे या दोन याद्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्याही वार्षिक अहवालात दिसलेलं नाही. गोऱ्या अधिकाऱ्याला हुद्दा आधी मिळतो, मानमरातब मागून येतात. हिंदी अधिकाऱ्याला किताब मिळतो, आणि बहुतेक वेळा त्याची वाट तिथेच संपते.

बडोद्याचं विषप्रयोग प्रकरण घ्या. नोव्हेंबर १८७४ मध्ये संस्थानातला ब्रिटिश प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर याच्या सरबतात विष आढळलं आणि संशय बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाडांवर आला. तपासासाठी मुंबईहून पोलीस आयुक्त फ्रँक सूटर गेला. पण रेसिडेंटकडच्या रावजी हवालदाराच्या कमरपट्ट्यातून विषाची पुडी काढली ती सूटरच्या हाताखालच्या अकबर अली या हिंदी अधिकाऱ्याने. तपासात त्याच्याबरोबर अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल होते. चौकशी आयोगात मल्हाररावांच्या वकिलाने या पुडीवर भडिमार केला. आयोगाचं एकमत झालं नाही. तिघे इंग्रज सभासद एकीकडे आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव दुसरीकडे. तरीही १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं. आता याद्या पाहा. सूटर 'सर' झाला आणि १८८८ पर्यंत आयुक्तपदी राहिला. अकबर अली आणि अब्दुल अली यांच्या नावामागे 'खानबहादूर' लागलं, शहराच्या गुप्त पोलिसांची धुराही त्यांनी वाहिली. आयुक्ताच्या खुर्चीचा मात्र प्रश्नच नव्हता. ज्याच्या हाताने पुरावा सापडला त्याची चढण कुठे थांबली, हे या एका प्रकरणात लख्ख दिसतं.

सूटरची आधीची नोकरीही विसरू नका. १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यात भिल्लांचा नेता भागोजी नाईक मारला गेला, त्या चकमकीत पोलिसांचं नेतृत्व सूटरकडे होतं. नगर-नाशिक भागातली ही कामगिरी त्याला मुंबईपर्यंत घेऊन आली. म्हणून शहराच्या आयुक्तांचा अभ्यास करताना जिल्ह्याची दफ्तरं टाळू नयेत.

आणि सगळा हिशेब फक्त गोरा-काळा असाही नव्हता. सूटरच्या आधी शहराचे पोलीस सांभाळणारा, हिंदुस्थानातच वाढलेला चार्ल्स फोर्जेट इथल्या भाषा अस्खलित बोलायचा आणि वेष पालटून शहरभर फिरायचा. १८५७ चा मुंबईतला कट त्याने उघडकीस आणला आणि सय्यद हुसेन व मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. आज आपण त्या दोघांना हुतात्मे मानतो, आणि ते योग्यच आहे. फोर्जेटचा पैशाच्या रूपाने सत्कार केला तो शहरातल्या व्यापाऱ्यांनी. 'सर' तो कधीच झाला नाही.

नेमणुकांचे नियम समजल्याशिवाय या याद्या उलगडत नाहीत. १८९३ पासून वरच्या जागांसाठी लंडनला परीक्षा सुरू झाली आणि हिंदी माणसाला तिथे बसायची मुभा नव्हती. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने हिंदी लोकांसाठी डेप्युटी सुपरिंटेंडेंटची जागा सुचवली. ती बढतीची वाट म्हणून सांगितली गेली, प्रत्यक्षात ती वेगळी रांग होती. परीक्षेचं दार उघडायला १९२० नंतरचा काळ यावा लागला.

किताबांच्या यादीत नवख्याचा गोंधळ ठरलेला. आमच्या इलाख्यात हिंदूंना रावसाहेब, रावबहादूर. मुसलमानांना आणि पारशांनाही खानसाहेब, खानबहादूर. किताबावरून धर्म ओळखायची घाई करू नका. त्यांच्या वर सी.आय.ई. (कम्पॅनियन ऑफ द इंडियन एम्पायर), १९१७ पासून ओ.बी.ई. (ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर). राजाचं पोलीस पदक १९०९ मध्ये आलं. साम्राज्यभरात वर्षाला जास्तीत जास्त १२० पदकं आणि त्यातली ५० हिंदुस्थानची, म्हणजे ते मिळणं किती अवघड होतं याचा अंदाज येतो. याद्या १ जानेवारीला आणि राजाच्या वाढदिवशी गॅझेटात छापल्या जात.

खानबहादूर कावसजी पेटिगारा यांचं नाव या सगळ्यात उठून दिसतं. सीआयडीचे ते पहिले हिंदी उपायुक्त आणि सी.आय.ई.सुद्धा, इथे हुद्दा आणि किताब दोन्ही एका माणसाकडे आले. त्यांच्या वर आयुक्त मात्र इंग्रजच. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमाजवळ आहे आणि त्या चौकाला नाव आहे वासुदेव बळवंत फडक्यांचं. तिथे एकदा थांबून पाहाच. मुंबईला पहिला हिंदी आयुक्त, जे. एस. भरुचा, मिळाला तो १९४७ मध्ये.

काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाताना विभागाचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र घेऊन जा. जुने पोलीस कागद न्याय विभागाच्या खंडांत शोधा, पुढचे गृह विभागाच्या. आधी सिव्हिल लिस्टमधून, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या छापील यादीतून, एकाच अधिकाऱ्याची नोकरी वर्षवार उतरवून काढा, मगच फाइल मागवा. नाहीतर दिवसभर चाळूनही हाती काही लागत नाही. फाइल आली की शिफारशीच्या मजकुरापेक्षा समासातले शेरे सावकाश वाचा. आणि नाकारलेल्या शिफारशी वगळू नका. मंजूर झालेल्या शिफारशींत सगळ्यांची निष्ठा सारखीच गायलेली असते. नकार देताना वरिष्ठाला कारण लिहावं लागतं, म्हणून तो कागद आधी उतरवून घ्या.