६५,५३६ व्या ओळीवर तुटलेला हिशेब

उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यात मालाच्या नोंदींची बेरीज तीन दिवस जुळेना. स्टोअरमधले मामा सांगत होते, "साहेब, माल गेलाय, चलनं माझ्याकडं हाईत." त्यांचंच खरं निघालं. फाईल तळापर्यंत ओढून बघितली, तर नोंदी नेमक्या ६५,५३६ व्या ओळीवर तुटलेल्या! एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाईलीत त्यापुढं ओळी मावतच नाहीत. २०२० मध्ये इंग्लंडात कोरोनाच्या सुमारे १६ हजार नोंदी याच मर्यादेपायी अहवालातून सुटल्या होत्या, म्हणजे हा दोष किरकोळ नव्हे.

मूळ सॉफ्टवेअरमधून डेटा पुन्हा काढून एक्सएलएसएक्स या एक्सेलच्या नव्या प्रकारच्या फाईलीत ठेवला. तिथं १०,४८,५७६ ओळी बसतात. बेरीज पैशापर्यंत जुळली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मामांची माफी मागितली. तीन दिवस संशय त्यांच्यावर होता.