सायकल कॉम्प्युटरवर स्पीड आणि पॉवर उड्या मारतेय? आधी सेल बघा

सरळ रस्त्यावर एकसारखं पेडल मारताय आणि स्क्रीनवर 180 वॅट, मग एकदम 0, मग 400 असं काहीतरी दिसतंय तर लगेच पॉवर मीटर (पेडल मारण्याची ताकद वॅटमध्ये मोजणारा सेन्सर) बिघडला म्हणून सर्व्हिसला पाठवू नका, आधी सेल बदला. बऱ्याच सेन्सरमध्ये सीआर2032 बटण सेल असतो, तो उतरायला लागला की सिग्नल मधेमधे तुटतो, आणि कॉम्प्युटर बॅटरी लो दाखवेलच असं नाही. नवा सेल चांगल्या कंपनीचा घ्या, आतले कॉन्टॅक्ट कोरड्या कपड्याने पुसा, पावसाळ्यात तिथे ओल आणि गंज हमखास असतो.

पॉवर तुटत नाही पण सतत जास्त किंवा कमी वाटतेय तर झिरो ऑफसेट करा, म्हणजे पेडलवर जोर नसताना मीटरचं शून्य पुन्हा सेट करा. आतला स्ट्रेन गेज (जोर मोजणारा भाग) तापमानाने बदलतो, म्हणून एसी खोलीतून काढल्या काढल्या करू नका, सायकल दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा आणि मग पेडलवर पाय न ठेवता करा.

स्पीडचं म्हणाल तर सेन्सर नसेल तर ती जीपीएसवरून येते, मग घाटात, बोगद्यात, दाट झाडीत ती भरकटणारच, त्याला हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) सेन्सर हाच खरा इलाज. मॅग्नेटवाला जुना सेन्सर असेल तर मॅग्नेट सरकलाय का बघा, दोघांत साधारण 3-5 मिमी अंतर ठेवा. टायर 25 मिमी रुंदीचा 28 केला असेल तर कॉम्प्युटरमध्ये भरलेला चाकाचा घेरही 2105 वरून 2136 मिमी करा, नाहीतर स्पीड कायम दीडेक टक्का कमी दिसेल.