ऊसतोड यायच्या आधीच बसा

सांगलीकडं नवरा-बायकोत पैशावरून वाजतं ते बहुतेक कारखान्याकडून उसाचं बिल खात्यावर पडलं की. त्याला ठिबक करायचं असतं, तिला पोरीची फी आणि भिशीचा हप्ता दिसत असतो. कायद्यानं बिल ऊस गेल्यापासून 14 दिवसांत यायला हवं. येतं कधी, ते सोडा.

म्हणून तोड यायच्या आधीच, जेवणं उरकल्यावर टीव्ही बंद करून बसा. गावच्या सोसायटीच्या पीककर्जाची वसुली बहुधा बिलातूनच कापली जाते, तेव्हा ती वजा करून हातात येणारा आकडा वर लिहा. मग न बोलता दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापले तीन खर्च मांडा आणि कागद बदला. दोन्हीकडं निघालेला खर्च पक्का. बाकीच्यांवर खुशाल भांडा, पण हजार-हजार रुपये दोघांनाही बिनहिशोबी ठेवा.