पॅच लागला म्हणतो, पण लागलेलाच नसतो

परवा फोंड्यात पावसाने दोनदा वीज घालवली, पण माझा बिल्ड काही पडायचा थांबेना. गिट अप्लाय (पॅच, म्हणजे कोडमधले बदल लिहिलेली फाइल, लावणारी गिटची कमांड) मुकाट्याने संपत होता. एररची एक ओळ नाही, आणि प्रोजेक्टच्या आत ठेवलेल्या लायब्ररीतली फाइल जशीच्या तशी! लाल अक्षरांत शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

आधी लायब्ररीच्या फोल्डरात जाऊन 'गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल' चालवा. उत्तरात बाहेरच्या प्रोजेक्टचा पाथ आला, तर चोर सापडला. टारबॉलमधून (फाइलींच्या एकत्र बांधलेल्या गाठोड्यातून) उघडलेल्या लायब्ररीला स्वतःचं डॉट-गिट, म्हणजे गिट आपल्या नोंदी ठेवतं तो फोल्डर, नसतं. मग गिट बाहेरच्या रेपोलाच (गिट सांभाळत असलेल्या प्रोजेक्टलाच) घर मानतं, गिट डिफने केलेल्या पॅचमधले पाथ तिथून मोजतं आणि या फोल्डराबाहेर पडणारे सरळ सोडून देतं. '--व्हर्बोज' लावलं की 'स्किप्ड पॅच' दिसतं.

मग बाहेरच्या रेपोच्या मुळाशी जा आणि '--डिरेक्टरी=व्हेंडर/लिब' (इथे तुमच्या लायब्ररीचा पाथ) जोडून तोच पॅच लावा. नाहीतर लायब्ररीतच 'पॅच -पी1' चालवा. त्याला गिटशी देणंघेणं नाही. मी हेच करते.

लायब्ररी सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) असेल तर फोल्डर रिकामा नाही ना, तेवढं बघा. 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट' विसरून मी एकदा म्हापशाच्या बसमध्ये तासभर बिचाऱ्या पॅचलाच दोष देत बसले होते.