अंगण थंड करायचंय? गट्टूंच्या आधी काळी माती बघा

पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की नागपुरात कुणीतरी सल्ला देतंच, 'अंगणाला पांढरा रंग मारा.' अजिबात मारू नका. गच्चीवर मारायचा तो रंग अंगणात गाडीच्या चाकाखाली सोलून निघतो आणि पावसात त्यावरून पाय घसरतो. शिवाय अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 2020 पासून डांबरी रस्त्यांवर फिका लेप देऊन मोजमाप केलं, तेव्हा दुपारी रस्ता साधारण 6 अंश सेल्सिअसनं थंड निघाला. पण भर दुपारी त्यावर उभ्या असलेल्याच्या अंगावर येणारी झळ वाढली. ऊन परतून कुठंतरी जाणारच. अंगणात ते तुमच्या भिंतीवर आणि खिडकीत जातं.

म्हणून पाणी जिरवणारे, रुंद फटींचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) घ्या. रंग फिका राखाडी किंवा मातकट. गाडी उभी राहणार असेल तर 80 मिलिमीटर जाडीचे, नुसतं चालायचं असेल तर 60 चे पुरेत.

आता खरी डोकेदुखी: खालची जमीन. मला सगळ्यात जास्त याच टप्प्यानं छळलंय. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात तुम्ही वरून मुद्दाम पाणी सोडणार! मिस्त्री म्हणेल, 'थोडा मुरूम टाकून देतो, काही होत नाही.' पहिल्याच पावसाळ्यात गट्टू वरखाली होतात आणि पाणी घराच्या पायाशी मुरतं.

माती दीड फुटाहून थोडी जास्त खोल काढा. अर्धा फूट मुरूम टाका, पाणी शिंपडा, धुम्मस करा, आणि उतार घरापासून लांब ठेवा: दर मीटरला किमान एक सेंटिमीटर. त्यावर जाड प्लास्टिक कागद अंथरा आणि कडांनी वर चढवा. पाणी जिरवायच्या कामात प्लास्टिक बघून लोक हसतात, हसू द्या. काळ्या मातीत पाणी जिथं पडलं तिथंच जिरवायचं नसतं. ते गिट्टीत साठवून उताराच्या टोकाला भोकं पाडलेल्या पाइपानं बाहेर काढायचं आणि पायापासून दूर, झाडाकडे किंवा शोषखड्ड्यात सोडायचं.

कागदावर 40 मिलिमीटरची धुतलेली गिट्टी, साधारण 20 सेंटिमीटर. मग 20 मिलिमीटरच्या गिट्टीचा पातळ थर, त्यावर 6 मिलिमीटरच्या बारीक गिट्टीचा 4–5 सेंटिमीटरचा गादीथर. इथं चुरी, म्हणजे दगडाचा बारीक भुगा, घालू देऊ नका. स्वस्त पडते म्हणून प्रत्येक जण चुरीच सुचवतो; ती ओली झाली की बसते आणि पाण्याची वाट बंद करते. ट्रक रिकामा होण्याआधी गिट्टी हातात घेऊन बघा. हात पांढरा झाला तर गिट्टी धुवून घ्या.

कडेला काँक्रीटची पट्टी बांधा, गट्टू बसवा, फटींत तीच बारीक गिट्टी झाडूनं भरा. फटींत सिमेंट ओतायला कुणी निघाला तर हात धरा. शेवटी बादलीभर पाणी ओता. डबकं साचलं तर तो भाग उचलून पुन्हा.

काम दिवाळीनंतर काढा. मेमध्ये भेगाळलेल्या मातीवर केलेलं काम जूनमध्ये फुगतं.

आणि एक लक्षात घ्या: हे पाणी जिरवणारे गट्टू ओले असतील तेव्हाच बाष्पीभवनानं गारवा देतात. आपल्याकडच्या कोरड्या मेमध्ये ते बहुतेक वेळ सुकेच असतात, तेव्हा उपयोग फक्त फिक्या रंगाचा. पिण्याचं पाणी शिंपडू नका; कपडे खळखळून काढलेलं शेवटचं पाणी संध्याकाळी चालेल. पश्चिमेला कडुनिंब असेल तर तो ठेवा, फक्त पानगळ फटींत कुजायच्या आत झाडून काढा.